हिरवी सरकगाडी

प्रिय दादा,

बॅग अर्धी भरून पलंगावर पडली आहे आणि मी तुला पत्र लिहायला बसले आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "मंदे, फोन कर ना वं, कागद कायले खराब करते?" पण आता तुला फोन कुठे लावायचा, तेवढं तरी सांगून जायचंस!

परवा भाऊबीज. तू गेल्यानंतरची पहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, तसं कर." मी त्यांना हो म्हटलं आणि घरात येऊन रडले. इतकी वर्षं यवतमाळच्या स्टँडवरून पांढरकवड्याची एसटी पकडताना मला कधी विचार करावा लागला नाही. यंदा बॅगेत साड्या घालते आहे आणि परत काढते आहे. कारण खंडेनवमीला मी शोभावहिनीशी भांडून आले. नुसती भांडले असते तरी चाललं असतं, "या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही" असं तोंडाने बोलून आले. भाऊ गेल्यावर माहेर वहिनीच्या हातात असतं, हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. तरी बोलले. माझी जीभ तुला ठाऊक आहे.

आणि हे सगळं कशापायी? तुझ्या त्या सरकगाडीपायी! तेव्हा तक्रार तुझ्याकडेच करणार. मुकाट्याने ऐकून घे.

आठवतं, ती घरी आली तेव्हा ती काय वस्तू आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं? हैदराबाद लाइनवर ट्रक चालवणारे मुनीरचाचा गाडीचं काम निघालं की आपल्याकडेच थांबायचे. हायवेच्या कडेला आपली टिनाची शेड, तिच्यामागे आपलं घर. बाबा गोणपाट अंथरून ट्रकखाली सरपटत जायचे, ते पाहून चाचांना वाईट वाटायचं. एकदा ते हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक फळी घेऊन आले. फळीला खाली चार छोटी चाकं. "लो मिस्तरी, तुम्हारे लेटने की गाडी! अब जमीन पे घिसटना नई." बाबा इतके खूश झाले की चाचांना त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग फळीवर पाठ टेकून ट्रकखाली गेले, पान्याला जोर लावला आणि गाडी एकीकडे, बाबा दुसरीकडे! डोकं चेसिसवर आपटलं. बाबांनी अशी एक शिवी हासडली की आई आतून ओरडली, "पोरं हायेत म्हटलं घरात!"

महिनाभर बाबा चाचांच्या प्रेमाखातर तिच्यावर झोपत राहिले आणि टेंगळं खात राहिले. मग ती टायरांच्या मागे गेली आणि तुझ्या हाती लागली. तू तिच्यावर पोटावर पडून शेडभर सरकायचास. सरकगाडी हे नाव मी ठेवलं. तू पुढे सगळ्यांना तूच ठेवलं म्हणून सांगितलंस, तेही मी विसरलेले नाही.

ती उभं राहायची गाडी आहे, हे आपल्याला कळायला एक वर्ष लागलं! नागपूरहून सामान रद्दीत गुंडाळून यायचं. एका पार्टाभोवती इंग्रजी मासिकाचं रंगीत पान निघालं. त्यात लांब केसांचा एक पोरगा हात पसरून अशाच फळीवर उभा, तोही एका रिकाम्या पोहण्याच्या टाकीत. तू ते पान गुडघ्यावर सरळ केलंस, बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "अबे, ह्याच्यावर उभं राह्यतेत!" मला तो पोरगा जादूगारच वाटला. आई पान हातात घेऊन म्हणाली, "टाकीत पाणी नाही म्हणून खेळत असन बिचारं." पांढरकवड्यात उन्हाळ्यात टाकी रिकामी असण्यात कुणाला काय नवल!

त्या दिवसापासून आपण वेडे झालो. विश्रामगृहाकडचा उतार नवा डांबरी झाला होता. उन्हात डांबर पाघळून चाकं चिकटायची, म्हणून उजाडताच जायचं. तू वर, मी खालच्या वळणावर. माझ्या हातात गॅरेजमधलं लाल फडकं. बैलबंडी आली, सायकल आली, की मी फडकं हलवून थांबवायची. लोक थांबायचेसुद्धा! दूधवाला तर रोज थांबून विचारायचा, "आला काय वं तुहा भाऊ?" आणि तू यायचास. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, शर्ट फुगलेला. पडायचास, उठायचास, परत चढायचास. "मिस्तऱ्याचं पोट्टं पागल झालं" असं गावाने जाहीर केलं, तेव्हा तू किती खूश झाला होतास!

मग बाकीच्या पोट्ट्यांनी बाबांच्या भंगारातली झिजलेली बेअरिंगं लांबवली आणि सागाच्या फळकुटांना ठोकली. सकाळी सकाळी त्या उतारावर लोखंडी चाकांचा असा खर्रर्र आवाज व्हायचा की विश्रामगृहात मुक्कामाला आलेल्या साहेबांनी चपराशाला पाठवलं. चपराशी आला, आवाज बंद करा म्हणाला आणि मग स्वतःच एकदा बसून गेला.

तुझे ते कारभार आता आठवले की हसू येतं. पाय सरकू नये म्हणून तू फळीवर पॉलिश पेपर चिकटवलास. त्याखाली कंपनीचं रंगीत चित्र होतं म्हणे, ते तूच आधी खरवडून काढलंस. सायकलच्या ट्यूबमध्ये जिनिंगमधला कापूस भरून गुडघ्यांना बांधलास. बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन आईच्या पापडांशेजारी वाळत घातलीस आणि पाठीत रपाटा खाल्लास. चाकं झिजली तेव्हा यवतमाळला लेथवर नायलॉनची कातून आणलीस. पुढचं टोक फाटलं तेव्हा सागाचा तुकडा जोडलास. जुनी चाकं मात्र टाकली नाहीस. ती तारेत ओवून, ते मासिकाचं पान, गुडघ्यांचं ते ट्यूबचं बांधण, सगळं पेटीत ठेवलंस. माणसं दागिने जपतात, तू झिजलेली चाकं जपलीस.

मला एकदा उभं केलंस. "काहून घाबरते वं? मी हावो ना मांगं." आणि होतास कुठे मागे? मी हनुवटीवर आपटले. रक्त आलं. आणि तू आधी गाडी उचलून पाहिलीस, मग मला! याचा राग मला अजून आहे, दादा. नंतर पाच-सहा दिवस तू मला रोज शिकवलंस, मी चांगली चालवायला लागले, पण राग आहे तो आहेच.

आणि दुसरा राग आहे तो मोठा आहे. छातीत दुखतं म्हणून तू कुणालाच सांगितलं नाहीस. बाबांमागे शेड तू चालवलीस. ट्रकवाला लांबच्या प्रवासाला निघाला की "खडखड वाजते तं पहिले थांब, पाह्यून घे" असं दरडावायचास. स्वतःची खडखड कोण ऐकणार होतं? उन्हाळ्यातल्या त्या सकाळी शेडमध्ये स्टुलावर बसलास आणि बसलेलाच राहिलास. मी एसटीत होते, वहिनीचा फोन आला, नुसतं "ताई, या" एवढंच.

असो. आता भांडणाचं सांगते.

तुझी लेक रेणू कामाला हैदराबादेत. तिने पावसाळ्यात तुझ्या गाडीचे, पेटीतल्या वस्तूंचे फोटो मोबाइलवर टाकले. पुण्याच्या एका मुलाने ते पाहिले. तो जुने स्केटबोर्ड जमवतो. रेणूने त्याला माझा नंबर दिला, कारण गाडीचा इतिहास मला ठाऊक. फार गोड बोलला बिचारा. काकू काकू करत तासभर एकेक गोष्ट विचारली. चाकं ज्या लोखंडावर बसतात त्याला ते लोक ट्रक म्हणतात म्हणे. बाबा असते तर म्हणाले असते, याले ट्रक म्हणतेत तं माह्या शेडीत काय उभे हायेत? त्याने सांगितलं, हा बोर्ड फार जुना आहे, इतक्या आडगावी असा जगलेला बोर्ड त्याने पाहिला नव्हता. त्याच्याकडे एक भिंत आहे, त्यावर तो लावेल, खाली तुझं नाव, गावाचं नाव लिहील. फक्त एक करा काकू, म्हणाला, आहे तसा ठेवा. ओरखडा न् ओरखडा. पुसूसुद्धा नका.

दादा, मला किती आनंद झाला सांगू? ज्या पोट्ट्याला गाव पागल म्हणालं, त्याचं नाव पुण्यात भिंतीवर लागणार! मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. घर कुणाचं, वस्तू कुणाची, याचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. वहिनीला सांगितलंही नाही, म्हटलं खंडेनवमीला जाऊ तेव्हा सांगू आणि घेऊन येऊ.

खंडेनवमीला गेले. शेडमध्ये पाने, जॅक, हातोडे धुऊन मांडलेले. मधोमध पाटावर तुझी सरकगाडी.

हिरवी!

हायवेवर ट्रक रंगवतो ना, तो पेंटर. त्याच्याकडून वहिनीने ती रंगवून घेतली होती. घासून, लांबीची पुट्टी भरून, हिरवा ऑइलपेंट, पिवळी किनार, दोन बाजूंना दोन मोर. मोर कमी आणि कोंबड्या जास्त! मधे लाल अक्षरांत तुझं नाव, "प्रभाकर मिस्तरी", त्याखाली "फिर मिलेंगे". तुझा पॉलिश पेपर गेला, तुझ्या पायांनी पाडलेले घट्टे गेले, फाटलेल्या टोकाचा जोड लांबीखाली गेला. आरशासारखी चकचकीत.

"वहिनी, हे काय करून ठेवलं?" मी ओरडलेच.

ती हातातली झेंडूची माळ तशीच धरून उभी राहिली. "काहून? चांगली नाही झाली?"

"चांगली? अहो, दादाचं जे होतं ते सगळं घासून टाकलंत तुम्ही! त्याच्या पायाची खूण होती त्याच्यावर. पुण्याचा माणूस ही नेऊन भिंतीवर लावणार होता, मी शब्द दिला होता त्याला."

"कोणता माणूस?" वहिनी म्हणाली. "तुमीनं मले इचारलं काय, ताई?"

तिने समजावायचा प्रयत्न केला, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. म्हणाली, "मालक गेला अन् गाडी उभी राह्यली, तं रंगवल्याबिगर रोडवर काढत नाहीत. हे थेच म्हणत होते ना? आपल्या शेडीतून अशी एक गाडी बिनारंगाची गेली नाही. मंग ह्यांची गाडी कशी बिनारंगाची ठेवू?"

तुझाच नियम तुझ्या गाडीला! पण त्या वेळी मला फक्त गेलेले ओरखडे दिसत होते. मी म्हणाले, तुम्हाला काय कळतं त्यातलं, तुम्ही त्याला उतारावर पाहिलं तरी होतं का? आणि मग ते पाय न ठेवण्याचं बोलले. शेडमधला कारागीर खाली मान घालून उभा होता. चहासुद्धा न पिता मी स्टँडवर आले.

पुण्याच्या मुलाला फोटो पाठवला. तो "ठीक आहे काकू, काळजी घ्या" म्हणाला. पुन्हा काही त्याचा फोन आला नाही. त्याचा काय दोष? त्याला जे हवं होतं ते आता नव्हतं.

हे तीन आठवडे मी तुझ्या बायकोवर रागावून काढले. घरात सांगून झालं, शेजारी सांगून झालं. सगळे म्हणाले, हो, वाईटच झालं. पण राग काही कमी होईना. कितीही खाल्लं तरी पोट भरत नाही, तसलं काहीतरी.

आणि काल रेणूचा फोन आला. दिवाळीला घरी आली आहे ती.

"आत्या, येणार ना?" तिने विचारलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, तुला एक विचारू? त्या दिवशी तू पूजेचं ताट पाह्यलं होतं काय?"

पाहिलं असेल. पूजेला ताट असतंच. त्यात काय पाहायचं?

"आई सकाळपासून तुझी वाट पाहत होती," रेणू म्हणाली. "यंदा आपल्याकडे सण नाही, तरी म्हणे, लोखंडाले कायचं सुतक? सगळं मांडलं. चाकांखाली लिंबं ठेवली. पण कुंकवाला तिनं हात लावला नाही. म्हणे, माह्या हातानं कसं लावू? आत्या येईन, थे लावन. अन् पूजा झाली की आत्याच गाडी उतारावर नेईन. तिलेच येते चालवता. मले काय येते?"

दादा, मी फोन कानाला लावून ओट्यावर बसले.

दरवर्षी पूजा झाली की तू ती गाडी उतारावर एकदा घेऊन जायचास, पन्नाशी उलटली तरी. गळ्यात झेंडूची माळ घालून! पूजेची गाडी जागेवर ठेवायची नसते, चार पावलं तरी चालवायची, म्हणायचास. वहिनी ओट्यावरून पाहायची आणि डोळे मिटून घ्यायची, असं रेणू सांगायची. आणि मी तिला विचारलं, तुम्ही त्याला पाहिलं तरी होतं का! मी पाहिला तो पोरवयातला. म्हाताऱ्या गुडघ्यांचा, ढेरी सांभाळत उतरणारा तू, तो सगळा तिनेच पाहिला. तो माझ्या वाट्याला आलाच नाही.

तिने गाडी रंगवली ती माझ्यासाठी. उभी राहू नये, चालावी, म्हणून. आणि मी ती गाडी भिंतीवर टांगायला निघाले होते. आणि ओरखड्यांचं काय घेऊन बसले मी? कंपनीचं चित्र तू स्वतःच खरवडलंस. चाकं बदललीस, टोक बदललंस. जसं होतं तसं ठेवायची अक्कल तुलाही नव्हती, देवा! तू ती वापरलीस. तरी खरं सांगते, तो पॉलिश पेपर गेल्याचं मला वाईट वाटतं. वाटू दे. तेवढं तू समजून घे.

रेणू म्हणाली, ते ताट अजून तसंच आहे. झेंडू वाळला, लिंबं आकसली, दिवाळीची साफसफाई झाली, भिंती धुतल्या, पण वहिनी ते ताट कुणाला उचलू देत नाही. आणि अजून एक म्हणाली. "आईनं चकल्या केल्या, आत्या. त्यात थोड्या नरम हायेत. तुह्या दातासाठी. विचारलं तं म्हणते, चुकून नरम झाल्या."

चुकून! त्या बाईच्या हातून चकली कधी चुकून नरम झाली आहे का? तूच सांग.

तर दादा, बॅग भरते आहे. पहाटेची नाही, सकाळची एसटी. आणि तुला शब्द देते, तो नीट ऐक.

पाय न ठेवण्याचं मी बोलले ते मीच गिळणार. वहिनीने दार उघडलं की आधी नरम चकली मागणार, म्हणजे तिला रागवायला सवड मिळणार नाही. मग ओवाळणी. चंद्राला नाही. तो कधी माझ्यासाठी स्टँडवर येऊन उभा राहिलेला नाही. पाट मांडून त्यावर शोभावहिनीला बसवणार. सुपारी, अंगठी, दिवा, सगळं रीतसर. तू गेल्यावर तिने कपाळ मोकळं केलं, तेव्हा आम्ही इतक्या बाया बसलो होतो, एकीनेही हात धरला नाही. परवा मी तिचा हात धरीन. ती मागे सरेल. म्हणेल, "ताई, असं नसते करत. लोक काय म्हणतीन?" लोकांनी माझ्या भावाला पागल म्हटलेलं मी ऐकलं आहे, माझी भीती तेव्हाच मेली.

वाळलेला झेंडू टाकून ताजा घालीन, नवी लिंबं ठेवीन. मग हिरवी तर हिरवी, कोंबड्या तर कोंबड्या, ती गाडी उतारावर नेईन. उभी राहिले तर उभी, नाही तर बसून. पडले तर वहिनी आधी मला उचलेल, तुझ्यासारखी नाही ती.

पण ते नंतर. कुंकू आधी तिला, मग गाडीला.

तुझी,
मंदी